कानाजवळची ओळ

मस्तगडच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना धर्मराज उगलेला समोर स्वतःचाच चेहरा दिसला, हातातून क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. चेहरा दाराएवढा मोठा होता. वीसेक वर्षांपूर्वीचा, काळ्या मिशांचा, टोपी उजव्या कानावर झुकलेली, डावा कान उघडा. खाली लाल अक्षरांत ‘मस्तगडचे भूषण माजी हवालदार धर्मराज उगले यांचा भव्य सत्कार’, त्याखाली सव्वीस जानेवारी, आणि त्याखाली गौरव समितीच्या लोकांचे गोल गोल फोटो. सत्कार होणार हे त्याला माहीत होतं. फलक लागणार हेही समितीचे राधेश्यामशेठ बोलले होते. तरी स्वतःला एवढं मोठं, बदरोद्दीनच्या चहाच्या हॉटेलाच्या डोक्यावर टांगलेलं बघून त्याला उघडं पडल्यासारखं झालं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. त्यानं गाडी ढकलत बाजूला घेतली आणि जवळ गेला. चेहऱ्याच्या मागं फिकट पिवळसर काहीतरी होतं. लांबून वाटलं, जुन्या भिंतीचं चित्र असावं. दोन हातांवर आल्यावर त्याला शिक्के दिसले, गोल आणि चौकोनी, मग टाइप केलेल्या ओळी. एक ओळ थेट त्याच्या उघड्या कानाजवळून गेली होती, कुणी कानात सांगावं तशी. ती त्याला वाचावी लागली नाही. मिलिटरी हॉस्पिटल, सायकियाट्रिक वॉर्ड, दाखल.

“हवालदारसाब, मुबारक हो. आज चहा माझ्याकडून,” बदरोद्दीन भट्टीमागून म्हणाला. धर्मराजनं कप घेतला आणि फलकाकडे पाठ करून उभा राहिला. अंगानं ती ओळ झाकता येईल असं त्याला क्षणभर वाटलं. पण ओळ डोक्याच्या बरीच वर होती. कॉलेजच्या दोन पोरी वर बघत गेल्या. त्यांनी वाचलं की नुसतं बघितलं? इंग्रजी तर सगळ्यांनाच येतं आता. बदरोद्दीनला येत नाही, पण त्याच्या बाकावर बसणाऱ्या एजंटाला येतं, औषधाच्या दुकानातल्या माणसाला येतं, आणि धर्मराज ज्या बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा असतो तिथल्या मॅनेजरसाहेबांना तर येतंच. ते रोज याच रस्त्यानं येतात. चहा फार गोड होता. तो निम्मा टाकून निघाला, आणि बदरोद्दीननं तो निम्मा कप बघितला हेही त्याला जाणवलं.

कागद त्यानंच दिले होते. मागच्या वर्षी समितीनं ज्याचा सत्कार केला तो सैनिक नव्हताच असं नंतर निघालं होतं, म्हणून या खेपेला पुरावा पाहिजे होता. ड्यूटीला उशीर होत होता, आणि धर्मराजनं ट्रंकेतला सगळा गठ्ठा उचलून राधेश्यामशेठच्या दुकानात ठेवला. झेरॉक्स काढून संध्याकाळी परत द्या म्हणाला. गठ्ठा संध्याकाळी परत आलाही, सुतळीनं नीट बांधून. त्या गठ्ठ्यात काय काय आहे हे तो विसरला होता का? बँकेच्या दाराशी, खांद्यावर बंदुकीचा पट्टा घेऊन, तो दिवसभर स्वतःला हेच विचारत राहिला. विसरला नव्हता. त्या पानाकडे न बघता गठ्ठा उचलायची सवय झाली होती, एवढंच.

तेव्हा तो सरहद्दीवर होता. बर्फातली चौकी वर होती आणि वायरलेस सेट खाली, धर्मराजच्या ताब्यात. वरून तिलकराम बोलायचा. छत्तीसगडकडचा, बारीक आवाजाचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘है ना’ म्हणणारा. त्या संध्याकाळी तो म्हणाला होता की रॉकेल संपत आलंय, उद्या माणूस पाठवा, है ना. सकाळी सेटवर नुसती खरखर होती. वरचा सगळा उतार घसरून चौकीवर आला होता. शोधायला गेलेले लोक परत आले, पुन्हा गेले, शेवटी साहेबांनी शोध थांबवला. धर्मराजनं बोलावणं थांबवलं नाही. खरखरीत मधूनच ‘है ना’ ऐकू यायचं आणि तो सेटवर झुकून म्हणायचा, सुन रहा हूँ, बोलो. सेट काढून घेतल्यावरही तो म्हणत राहिला. जेवताना, दाढी करताना. मग हॉस्पिटल. तिथं हिरव्या पडद्यांची लांब खोली होती आणि कुणी ओरडत नव्हतं, सगळे आपापल्या खाटेवर बसून वाट बघत असायचे. त्याची बायको पुष्पाबाई भोकरदनजवळच्या गावाहून एकटी आगगाडीनं आली होती, भाकऱ्या वाळवून घेऊन. गावात तिनं सांगितलं की पायाला हिम लागलंय. पुढं तो बरा झाला, सेटवर परत बसला, आणखी बरीच वर्षं बसला, आणि पूर्ण नोकरी करून घरी आला. पायाला हिम लागल्याची गोष्ट गावात इतकी रुजली की थंडीत भावकीतले लोक त्याच्या पायाकडे बघून चौकशी करत आणि तोही जरा लंगडल्यासारखं करी.

दुपारच्या सुट्टीत तो राधेश्यामशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. शेठ माणूस वाईट नव्हता. खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. धर्मराज म्हणाला, फलक बदला. शेठनी विचारलं, का, फोटो आवडला नाही का? धर्मराजला दुसरं काही सुचेना, तो म्हणाला, हो, फोटो बराबर न्हाई. शेठ हसले, म्हणाले, अहो, सगळा मस्तगड म्हणतोय की फोटो झकास आहे, उगाच लाजू नका, सैनिकानं कशाला लाजायचं. मागचं ते कागदाचं काढून टाका, असं धर्मराज अखेर म्हणाला. “का? काय आहे त्यात?” शेठनी साधेपणानं विचारलं. त्यांनी वाचलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. ‘त्यात अमुक आहे’ असं म्हटलं की ते वाचणार. धर्मराजच्या तोंडात वाक्य तयार होतं आणि ते बाहेर आलं की ज्या कामासाठी बोलायचं तेच काम बुडणार होतं. “काही न्हाई,” तो म्हणाला. “मंग राहू द्या की,” शेठ म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवायला उठले.

तिथून तो फलक बनवणाऱ्या हरिओमकडे गेला. हरिओम चाळिशीचा, जाड चष्म्याचा, मान वाकवून स्क्रीनमध्ये बसलेला माणूस होता. त्यानं कौतुकानं सगळं उघडून दाखवलं. गठ्ठ्यातलं नेमकं हेच पान का घेतलं, असं विचारल्यावर म्हणाला, “काका, ह्याच्यावर शिक्के सगळ्यात जास्त हायेत. बॅकग्राउंडमुळंच तर ओरिजनल वाटून राह्यलं.” त्यानं पान मोठं केलं. स्क्रीनवर प्रत्येक अक्षर स्वच्छ झालं. धर्मराजनं नजर ओळीवरून खाली सरकवली. पानाच्या तळाशी ओळ होती बरा झाल्याची, कामावर परत घेतल्याची. ती राधेश्यामशेठच्या गोल फोटोखाली गेली होती. डॉक्टरांनी तीन वेळा तपासून लिहिलेली ती ओळ, शेठच्या हसऱ्या तोंडाखाली. त्याला त्या फोटोवर बुक्की मारावीशी वाटली. समितीच्या परवानगीशिवाय आपण हात लावणार नाही, हरिओम म्हणाला, आणि तसंही ग्रुपवर कालच टाकलंय, शेकडो लोकांनी बघितलंय, सगळ्यांनी सलाम ठोकलाय. त्यानं फोन पुढं केला. एकाखाली एक सलाम. धर्मराजनं ते सगळे चाळले. सलामांच्या मधे कुठं एखादं वेगळं वाक्य असेल म्हणून तो शोधत राहिला, आणि ते नव्हतं म्हणून सुटल्यासारखंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो माजी सैनिकांच्या सरकारी कार्यालयात गेला. टेबलाशी आकांक्षा नावाची मुलगी होती, एका सुभेदाराची लेक, जुन्या सैनिकांना काका म्हणणारी. माजी सैनिकाचे कागद कुणालाही दाखवायचे नाहीत असा काही नियम आहे का, असं त्यानं विचारलं. आहे, ती म्हणाली. तुमची सही असल्याशिवाय तुमच्या मुलालासुद्धा नाही, आमचं कपाट कुलपात असतं. एवढं ऐकूनच त्याला बरं वाटलं, घोटभर पाणी मिळाल्यासारखं. मग ती म्हणाली, “पण काका, तो कागद आमच्या कपाटातून गेला न्हाई ना. तुमीच दिला.” म्हणजे नियम कपाटाचा होता. त्याचा नव्हता. तरी तिनं मार्ग सांगितला. अर्ज द्या, फलकावरचा कुठला मजकूर खाजगी आहे ते स्पष्ट लिहा, साहेब समितीला पत्र काढतील, सोबत अर्जाची प्रत जोडतील. धर्मराजनं विचारलं, प्रत समितीला? हो, कुठला मजकूर काढायचा हे त्यांना कळायला नको का? ती हे म्हणाली आणि मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. “मी विचारत न्हाई काका काय हाये ते,” ती हळू आवाजात म्हणाली. तिनं कोरा कागद पुढं सरकवला होता. धर्मराजनं वर तारीख घातली, विषय लिहिला, ‘मजकूर’ या शब्दापाशी आला आणि पेनचं टोक तिथंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका वाढत गेला. बाहेर पोर्चमध्ये दोन म्हातारे शिपाई उन्हात बसले होते आणि कुठल्याशा लढाईबद्दल मोकळेपणी बोलत होते. एकानं शर्ट वर करून पोटावरचा टाका दाखवला. दुसऱ्यानं तो बोट लावून बघितला. धर्मराजला त्यांचा भयंकर हेवा वाटला. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघाला.

घरी पुष्पाबाईनं नवी साडी काढून ठेवली होती. फलकावर तिचंही नाव होतं, बारीक अक्षरांत, आणि गल्लीतल्या बायका दोन दिवसांत तिला हळदीकुंकवाला तीनदा बोलावून गेल्या होत्या. त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, “कोण वाचतंय एवढं? तुमी एक सोडून कोणी वाचलं न्हाई.” तो म्हणाला, वाचतील. “वाचू द्या. तुमी सरहद्दीवर होते तवा मी हिकडं एकली व्हते. पाणी, पेरणी, सासूचं दुखणं, समदं. मला कोणी कधी खुर्ची दिली न्हाई. आता देऊन राह्यलेत तर तुमाला फलक काढायचाय.” ती बरोबर बोलत होती, आणि म्हणूनच त्याचा संताप वाढला. पाय ओढत तो गच्चीवर गेला, मग लक्षात आलं की घरात तर लंगडायची गरज नाही.

पहाटे फटफटायच्या आत तो दाढीचं पातं घेऊन गेला. चौकात कुत्रंसुद्धा नव्हतं. बदरोद्दीनच्या हॉटेलाचं बाकडं उलटं ठेवलेलं होतं, ते सुलटं करून तो वर चढला आणि फक्त ती ओळ कापली. अंगुळभर रुंदीची पट्टी. पण पातं सरकलं आणि कानाचा अर्धा भाग पट्टीबरोबर आला. त्यानं पट्टीचे तुकडे केले, गटारात टाकले आणि घरी येऊन कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

उठला तेव्हा गल्ली तापलेली होती. सैनिकाचा कान कापला. कुणी कापला? समितीचे लोक चौकात जमले होते, सैनिकाचा अपमान सहन करणार नाही म्हणत होते. ते बाकडं अजून फलकाखाली तसंच सुलटं होतं. बाकडं कुणाचं, एवढाच प्रश्न कुणीतरी विचारला, आणि पुढचं कुणाला बोलावं लागलं नाही. दुपारपर्यंत बदरोद्दीनच्या भट्टीत कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. तापलेल्या विटा तडकल्या. हॉटेल बंद झालं. संध्याकाळी धर्मराज त्याच्या घरी गेला. सरदारबीनं, बदरोद्दीनच्या बायकोनं, दार अर्धंच उघडलं आणि ते घरी नाहीत म्हणाली. उंबऱ्याशी बदरोद्दीनच्या चपला होत्या. धर्मराजनं त्या बघितल्या आणि त्यानं बघितलेलं तिनं बघितलं. तो तिथून सरळ राधेश्यामशेठकडे गेला आणि म्हणाला, फलक मी कापला. शेठचे डोळे भरून आले. “तुमचं मन लई मोठं हाये, हवालदारसाहेब. गरिबाला वाचवायला अंगावर घेऊन राह्यले. पण अपमान तुमचा एकट्याचा न्हाई.” धर्मराज म्हणाला, खरंच मी कापला. शेठनी त्याचा हात दाबला. स्वतःचा फलक कोण कशाला कापील? याचं उत्तर एकच होतं, ती ओळ. दुसऱ्या दिवशी नवा फलक लागला. फाईल तीच, माप दुप्पट. आता ती ओळ रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होती.

सव्वीस जानेवारीला चौकात मंडप उभा राहिला, नवा फलक व्यासपीठाच्या मागं आणून बांधला. झेंडावंदन झालं. धर्मराजच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. पुष्पाबाईला पुढच्या रांगेत कापड घातलेली खुर्ची मिळाली. ती ताठ बसली होती, पदर सारखा सावरत. राधेश्यामशेठ भाषणात म्हणाले की सैनिकाचा कान कापणारा हात शोधून काढू. आणि समोरच्या दोन-तीनशे माना न सांगता बंद हॉटेलाकडे वळल्या. धर्मराजला ते वळणं दिसलं. उतार घसरायच्या आधी कसा हलतो, हे तिलकरामनं त्याला एकदा सेटवरून सांगितलं होतं: आवाज होत नाही, नुसतं सगळं एका बाजूला बघायला लागतं. मग माइक त्याच्या हातात आला.

“फलक मी कापला,” तो म्हणाला. टाळ्या पडल्या. शेठनी शेजारी उभं राहून मान डोलावली. टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला. “टाळ्या वाजवू नका. बाकडं बदरोद्दीनचं व्हतं, हात माझा व्हता. कशासाठी कापला ते ऐका.” तो वळला आणि दुप्पट मोठ्या झालेल्या स्वतःच्या कानाकडे बोट केलं. ओळ इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली. वेड्यांच्या वॉर्डात होतो असं म्हणाला. हा शब्द कागदावर नव्हता. पण लोक घरी जाऊन हाच शब्द वापरणार होते, म्हणून त्यानं तो आधीच वापरून टाकला. “ह्याच्या खाली अजून एक ओळ हाये. ती शेठच्या फोटोखाली गेली. तिच्यात लिहिलंय, हवालदार उगले बिलकुल बरा हाये, ड्यूटीला लायक हाये.” फोटोवर बोट ठेवून त्यानं ती ओळ तारखेसकट म्हटली. एकानं दोनदा टाळी वाजवली आणि एकटाच आहे हे बघून थांबला. राधेश्यामशेठनी माइक घेतला, घसा साफ केला आणि आता शाळेच्या मुलींचं गीत होईल असं जाहीर केलं.

परत जाताना पुष्पाबाई गाडीवर मागं बसली होती. साडीचा नवा वास येत होता. बायकांनी उठताना तिच्याकडे कसं बघितलं ते त्यानं बघितलं होतं. आता हळदीकुंकू बंद होईल, तो मनात म्हणाला; हिची खुर्ची मी काढून घेतली. घराशी गाडी उभी केल्यावर ती उतरली आणि म्हणाली, “समदं बोलले. त्या पोराचं नाव का न्हाई घेतलं?” कुठल्या पोराचं, त्यानं विचारलं, पण त्याला कळलं होतं. “तिलकरामचं. त्याच्यामुळं आजारी पडले व्हते ना? लोकांना वाटलं, उगंच येड लागलं व्हतं. नाव घ्यायला पाह्यजे व्हतं.” ती आत गेली. तो गाडीपाशी उभा राहिला. एवढं सगळं सांगून जे सांगायचं तेच राहिलं होतं, आणि आता मंडप सोडत असतील.

बदरोद्दीननं भट्टी पुन्हा बांधली. धर्मराज विटा उचलायला गेला, त्यानं उचलू दिल्या. काम संपल्यावर चहा दिला, आणि म्हणाला, “आधी बोलले असते तर भट्टी वाचली असती, हवालदारसाब.” आवाजात राग नव्हता. ते खरं होतं म्हणून धर्मराजनं मान हलवली. फलक उतरला होता. तो उतरवायला कुणी सांगितलं नव्हतं, कार्यक्रम झाला म्हणून उतरवला, आणि कुणीतरी तो पत्र्यावर झाकण म्हणून नेला होता.

बँकेच्या मॅनेजरसाहेबांपर्यंत भाषण फोनवरून पोचलं. त्यांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, फार चांगलं बोललात म्हणाले, खरंच फार चांगलं. आणि डॉक्टरांचा नवा दाखला येईपर्यंत बंदूक आत कुलपात ठेवा म्हणाले. नियम आहे, ते म्हणाले. बरा झाल्याची ओळ त्यांनीही ऐकली होती. धर्मराजनं वाद घातला नाही. बंदूक रिकामी करून त्यानं ती स्वतः कपाटात ठेवली, पट्टा नीट गुंडाळला आणि दाराशी येऊन उभा राहिला. गिऱ्हाइकं यायला लागली. काही जण त्याच्या खांद्याकडे बघून आत गेले. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. खिशात घातले, काढले, कमरेला लावले, पुन्हा सोडले. रिकाम्या खांद्यानं तोल एका बाजूला जात होता. शेवटी त्यानं पाय फाकवले, दोन्ही हात मागं नेऊन एकात एक धरले आणि नजर समोर, रस्त्यापलीकडच्या भिंतीवर ठेवली. मग ओठ जेमतेम हलवत, हळूच, ते राहिलेलं नाव घेतलं. पलीकडून काही उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. एक बाई दार ढकलता ढकलता थांबली आणि तिनं विचारलं, काही म्हणालात का. “न्हाई,” तो म्हणाला, आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.